दोनदा सरकलेली चांदणी

माझ्या खुर्चीत बसणारी प्रत्येक बाई आरशात आधी स्वतःचं नाक बघते. डोळे, ओठ, रंग वगैरे नंतर. जळगावात पार्लर सुरू केलं तेव्हा मला वाटायचं, बायका केसांसाठी येतात. छे! केस हे निमित्त. मान मागे टाकली, डोळे मिटले, भुवईवर दोरा फिरायला लागला की बोलणं हमखास नाकावर घसरतं. "ताई, माझं नाक जरा बसकंच आहे ना?" असं विचारणारीला "नाही गं" हे खोटं वाटतं आणि "हो" म्हटलं तर ती परत येत नाही. मी आपली ब्रश उचलते. दोन्ही बाजूंना गडद रेघ, मधोमध उजळ, की फोटोपुरतं नाक धारदार. रावेरकडच्या एका नवरीला असंच झकास नाक काढून दिलं होतं. लग्न भर उन्हाळ्यातलं, दुपारचं. मंगलाष्टकं संपेपर्यंत घामानं नाक होतं तसं झालं. घाम तिला आला आणि बोलणी मी खाल्ली.

हल्लीच्या मुलींचं ब्रशवर भागत नाही. त्या मोबाइलमध्ये सगळं बघून येतात. नाकाला लावून झोपायचा चिमटा मिळतो म्हणे. इंजेक्शन मिळतं, कापाकापी नाही, टाके नाहीत, जेवायच्या सुट्टीत जाऊन करून यायचं. आणि ऑपरेशन तर आहेच. "ताई, इंजेक्शन बरं का ऑपरेशन?" असं त्या मला विचारतात, जणू मी पार्लरच्या मागच्या खोलीत दोन्ही करते. मला यातलं काडीचं कळत नव्हतं. पण कळत नाही हे तोंडावर दिसू द्यायचं नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकावं लागतं. मी गंभीर चेहरा करून "ज्याची त्याची स्किन वेगळी" असं म्हणायचे आणि दोरा ओढायचे.

अक्कांची पद्धत तर तिसरीच होती. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. धुळ्याकडच्या, पांझरेकाठच्या गावात राहणाऱ्या. घरदार आणि गाव त्यांना अक्का म्हणतं, म्हणून मीही तेच म्हणते. मी जळगावजवळच्या असोद्याची, माझी बोली वेगळी, त्यांची अहिराणी. लग्नानंतर पहिलं वर्ष मी नुसती मान हलवून काढलं. माझी मुलगी झाली तेव्हा अक्का बाळंतपणाला आल्या आणि रोज सकाळी तेल लावताना तिचं इवलंसं नाक अंगठा आणि बोटात धरून वर ओढायच्या. पोर किंचाळायची. मी संतापायचे. "नाक ओढनं पडस, नही ते बटाटा व्हई," असं त्या मला शांतपणे सांगायच्या. मुलगी आता कॉलेजात आहे आणि तिचं नाक हुबेहूब तिच्या बापाचं आहे, म्हणजे बटाटाच. हे मी अक्कांना दर दिवाळीला ऐकवते. त्यांचं म्हणणं, मी मध्ये कटकट केली म्हणून काम अर्धवट राहिलं.

तर नाकांवर इतकी मतं असलेल्या आमच्या घरात, खरं नाक जायची वेळ अक्कांवर आली.

त्यांच्या डाव्या नाकपुडीवर एक पुळी आली होती. मोत्यासारखी चकचकीत, मध्ये जराशी खड्ड्यासारखी. खपली धरायची, पडायची, पुन्हा धरायची. अक्का हळद लावत होत्या, गावातल्या कुणीतरी दिलेला पाला लावत होत्या. मी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेले, त्यांचं तोंड उजेडाकडे वळवलं. मी पुळ्या रोज बघते. ही त्यातली नव्हती. त्यांना बसमध्ये घालून जळगावला आणलं तेव्हा त्या वाटभर कुरकुरत होत्या की एवढ्याशा पुळीसाठी कुणी एस्टीचा प्रवास करतं का.

तपासणीत कॅन्सर निघाला. डॉक्टर जामनेरचे, वडील तिथल्या मार्केट यार्डात अडत्ये, त्यामुळे बोलायला अगदी आपले. ते म्हणाले, हा हळू वाढणारा प्रकार आहे, जिवाला सहसा धोका करत नाही, पण बसल्या जागी खात राहतो. काढावा लागेल आणि काढताना आजूबाजूचंही थोडं घ्यावं लागेल. म्हणजे डावी नाकपुडी आणि शेंड्याचा काही भाग जाईल. माझा नवरा खुर्चीत एकदम मागे टेकला. अक्कांनी फक्त विचारलं, "मंग तठे काय ऱ्हाई?"

तिथे काय राहील, हाच प्रश्न होता.

मी लगेच माझं ज्ञान पाजळलं. म्हटलं, डॉक्टर, ते इंजेक्शन असतं ना नाक भरायचं, ते नाही का चालणार? डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी नीट सांगितलं. इंजेक्शननं कातडीच्या खाली थोडा भराव घालता येतो. कुठे खळगा असेल, नाकाची दांडी जरा बसलेली असेल, तर ती उचलून दिसते. वर्षभरात, थोडं मागेपुढे, ते विरून जातं, मग पुन्हा घ्यायचं. त्यानं नाकात भर घालता येते, नाक कमी करता येत नाही. आणि सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर असलेली कातडीसुद्धा जाऊ शकते, म्हणून ते कुणाच्याही हातून घ्यायचं नसतं. "पण ताई, भराव घालायला वर कातडी तर पाहिजे. इथे भोक असणार आहे." मला एकदम माझ्या खुर्चीत बसून चुटकीसरशी नाक मागणाऱ्या सगळ्या मुली आठवल्या. त्यांच्याजवळ नाक होतं, हेच त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी दोन वाटा पुढे ठेवल्या. एक बिनऑपरेशनची. म्हणजे गाठ काढायचं ऑपरेशन तर करावंच लागणार होतं, पण नंतर नाक बांधायचं ऑपरेशन नाही. त्याऐवजी सिलिकॉनचं नाक. चेहऱ्याचं माप घेऊन बनवतात, रंगाला रंग मिळवतात, गोंदानं चिकटवायचं किंवा चष्म्याच्या फ्रेमला जोडायचं. त्यांनी कपाटातून एक नमुना काढून माझ्या हातावर ठेवला आणि मी बघतच राहिले. त्याच्यावर बारीक छिद्रं होती. शेंड्याशी किंचित लाली होती. नाकपुडीच्या वळणात जी फिकट निळसर सावली असते, जी काढायला मला दोन वर्षं लागली, ती त्या रबरात कुणीतरी आतून भरली होती. असं काम करणारा माणूस मला भेटला तर मी त्याच्या पाया पडेन, असं मी नवऱ्याला बाहेर आल्यावर म्हटलंही.

दुसरी वाट ऑपरेशनची. कपाळाची कातडी घेऊन नाक बांधायचं. डॉक्टरांनी कागद घेतला आणि जिभेच्या आकाराची पट्टी तीन बाजूंनी कापली. चौथी बाजू, भुवईकडची, तशीच जोडलेली ठेवली. मग ती पट्टी उलटी फिरवून खाली आणली. म्हणाले, कातडी पूर्ण तोडून आणली तर तिला रक्त मिळत नाही, ती टिकेलच असं नाही. म्हणून एक दांडी ठेवायची. दांडीतून कपाळाचं रक्त येत राहतं. सुमारे तीन आठवड्यांत नाक स्वतःचं रक्त द्यायला लागतं आणि मग दांडी तोडायची. आत आधाराला कानातली कूर्चा, म्हणजे मऊ हाड, घालायची. इतका वेळ अक्का त्या कागदाकडे बघत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "कलम!" आमच्याकडे आंब्याचं भेटकलम असंच बांधतात, मूळ झाडापासून न तोडता. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, अगदी तेच, आणि ही युक्ती बाहेरून आलेली नाही, आपल्याच मुलखातली आहे, फार जुनी. पूर्वी शिक्षा म्हणून लोकांची नाकं कापायचे, आणि ज्या देशात नाकं कापली त्याच देशात ती परत बांधणारेही निघाले. नाक कापलं गेलं, नाक राखलं, हे आपण येताजाता बोलतो. त्याच्यामागे खरोखर कापलेली आणि खरोखर बांधलेली नाकं असतील असं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

घरी आल्यावर नवऱ्याचं ठरलेलं होतं. "या वयात कपाळ कशाला फाडायचं? अक्कांना कुठे फोटो काढायला जायचंय?" खरं सांगायचं तर मलाही रबरी नाकच पटलं होतं. मी रोज सकाळी ते लावून देईन, कडा बेमालूम मिटवून देईन, कुणाला पत्ता लागणार नाही, असं मी चित्रसुद्धा रंगवून टाकलं होतं. अक्का ताटातली शेवभाजी चिवडत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "ते रबरनं नाक रातले काढीसन डबामा ठेवानं ना?"

मी म्हटलं, "हो अक्का. रात्री काढून ठेवायचं, सकाळी लावायचं."

"मंग नको. माले आते काही काढानं नही."

नवरा समजूत घालायला लागला, पण मी त्याला खुणेनं थांबवलं. कारण अक्कांचं काय काय काढलं होतं ते मी पाहिलं होतं.

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा माझे सासरे गेले. नदीवर बायकांनी अक्कांना मध्ये बसवलं. बांगड्या गेल्या, मंगळसूत्र गेलं. डाव्या नाकपुडीत त्यांची फुली होती, लग्नापासूनची, लाल खड्याची. तिची फिरकी गंजून बसलेली. अक्कांची थोरली जाऊ, जिला सगळे मोठी माय म्हणतात, ती फुली काढत होती. ती निघेना. मोठी माय वाईट बाई नव्हती, तिला जे करायचं माहीत होतं ते ती करत होती. तिनं ओढली. रक्त आलं. मग मोठी मायनं ओल्या हातानं कुंकू पुसलं, आणि पुसता पुसता तिचा हात कपाळावरच्या गोंदणावर गेला आणि ती तेही घासायला लागली. कुणीतरी म्हणालं, "ऱ्हाऊ दे व माय, ते गोंदण शे." तरी तिनं आणखी एकदा अंगठ्यानं घासून बघितलं. ते निघालं नाही. सगळ्यातून तेवढंच राहिलं.

ते गोंदण म्हणजे चांदणी. पाच हिरवट ठिपके गोलात आणि एक मध्ये. ती कपाळाच्या मधोमध नव्हती, डाव्या भुवईच्या वर सरकलेली होती. लहानपणी यात्रेत त्यांच्या आईनं त्यांना गोंदणाऱ्या बाईपुढे बसवलं. पहिली सुई टोचली आणि अक्कांनी अशी काही मान हिसडली की ठिपका भलतीकडेच पडला. गोंदणारी म्हणाली, आता पडला तिथेच बाकीचे घालते. त्यांची आई पुढे थोड्याच दिवसांत गेली. फोटो कुठला असायला? अक्का कधी एकट्या बसल्या असल्या की त्यांचं बोट आपसूक तिथे जायचं. "मनी मायनी खूण शे," एवढंच त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. मेल्यावर अंगावरचं सोनं काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असंही त्यांच्याकडे मानतात.

ऑपरेशन करायचं ठरलं. आणि आदल्या दिवशी डॉक्टर त्यांच्या कपाळावर जांभळ्या पेननं आखायला बसले तेव्हा सगळं त्या चांदणीपाशी येऊन अडलं.

अक्कांच्या उजव्या भुवईवर गाईच्या शिंगाचा जुना व्रण आहे. डॉक्टर म्हणाले, तिकडची रक्तवाहिनी भरवशाची नाही, त्यामुळे कातडी डावीकडूनच घ्यावी लागेल. अक्कांचं कपाळ अरुंद. इकडे भुवई, तिकडे केस. त्यांनी चांदीसारख्या वेष्टनाचा एक तुकडा नाकावर दाबून माप कापलं, आम्ही ब्लाउजचा कागद कापतो तसं, आणि तो कपाळावर ठेवला. चांदणी बरोबर त्याच्या आत आली. त्यांनी तुकडा जरा तिरका केला. तरी आत. अजून तिरका केला. ती हटेना.

"अक्का, ही मध्ये येतेय," डॉक्टर म्हणाले. "मी ही जागा वगळायचा प्रयत्न करतो, पण मग कातडी कमी पडेल. नाहीतर आत्ता घेऊ, आणि नंतर लेझरनं हे ठिपके पुसून टाकू. डाग राहणार नाही."

"पुसाना नही," अक्का म्हणाल्या. इतक्या जोरात की बाहेरची नर्स डोकावली.

"मग ती नाकावर येईल."

अक्कांचं बोट चांदणीवर गेलं. मग त्यांनी विचारलं, "कोनती बाजूले?"

"डाव्या. इथे." डॉक्टरांनी नाकपुडीवर बोट टेकवलं.

आणि अक्का हसल्या. मला वाटलं घाबरून हसल्या. म्हणाल्या, "मंग येऊ दे."

डॉक्टरांनी मात्र त्यांना खोटं आश्वासन दिलं नाही. म्हणाले, कातडीला रक्त पोचलं नाही तर ती काळी पडते आणि गळून जाते. तसं क्वचित होतं, पण होतं. मग नाकही गेलं आणि चांदणीही गेली. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावून सही करायला हात पुढे केला.

ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा त्यांना पाहिलं तेव्हा पटकन नजर खाली घातली. खोटं कशाला बोलू? डाव्या भुवईपासून नाकापर्यंत कातडीची एक जाड दोरी उतरलेली, डोळ्याच्या कडेनं. कपाळावर उभा टाक्यांचा मार्ग. आणि खाली नाक. सुजलेलं, फुगलेलं, कुणाच्याच ओळखीचं नसलेलं नाक, पण नाक. एका माणसाच्या कपाळानं वाकून नाकाची जागा घेतली होती. मी आयुष्यभर चेहऱ्यांवर रंग फासत आले. चेहरा आतून असा उलगडता येतो, एका जागचा उचलून दुसरीकडे लावता येतो आणि तो जिवंत राहतो, हे मी डोळ्यांनी बघत होते आणि मला ते खरं वाटत नव्हतं. नाकपुडीवर पट्टी होती, चांदणी दिसत नव्हती.

अक्कांनी स्वतः आरसा मागितला. बघून म्हणाल्या, "गणपती व्हयनू मी ते." आणि मग दुखतंय म्हणून हसू दाबत बसल्या.

घरी आणल्यावर ते आठवडे माझ्या नाकी नऊ आणणारे होते. पार्लर अर्धा दिवस बंद ठेवायचे. शेजारणी चौकशीच्या निमित्तानं येऊन बघून जायच्या आणि जिन्यात कुजबुजायच्या, एकीला तर मी दारातूनच परत पाठवलं. माझं मुख्य काम रंग बघायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गुलाबी असलं की ठीक, पांढरं पडलं किंवा निळं पडलं की फोन करायचा. माणसाच्या कातडीचा रंग ओळखण्यावर माझं पोट चालतं, पण असा जीव मुठीत धरून मी कधी रंग पाहिला नव्हता. सकाळी खिडकीचा पडदा सरकवायचा, पट्टीची कड उचलायची आणि मगच चहा ठेवायचा.

एका सकाळी शेंडा निळसर दिसला. उजेड बदलून पाहिला, माझ्या स्वतःच्या सावलीतून बाजूला झाले, तरी निळसर. अक्का माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "गयी का व?" नाक गेलं का असं त्यांनी विचारलं नाही. गेली का, असं विचारलं. म्हणजे चांदणी. मला रडू फुटलं आणि मी त्यांच्यावरच खेकसले की तोंड हलवू नका. रिक्षात दवाखान्यापर्यंत मी त्यांचा हात सोडला नाही. डॉक्टरांनी तपासलं, एक टाका सैल केला, अडलेलं रक्त वाहू दिलं आणि आम्हाला बाहेर बसवून ठेवलं. बऱ्याच वेळानं पुन्हा पाहिलं तर शेंड्यावर गुलाबी रंग परत येत होता. कडेकडून, अगदी सावकाश. इतका सुंदर रंग माझ्या कुठल्याही डबीत नाही.

आणि ती माशीची गोष्ट. दुपारी अक्का पडल्या होत्या आणि त्यांच्या नव्या नाकावर माशी बसली. त्यांनी झोपेतच हात उचलला आणि कपाळावर मारला. माशी नाकावरच. त्यांनी पुन्हा कपाळ झटकलं. मी कापसाचा बोळा घेऊन हळूच नाकाला लावला आणि विचारलं, "अक्का, कुठे लागतंय?" त्यांनी डोळे न उघडता कपाळ दाखवलं. नाकाला मी हात लावत होते आणि कळत होतं ते कपाळाला. डॉक्टर म्हणाले, काहींना तसं होतं, नस अजून जुनाच पत्ता सांगते. ती कातडी माहेर सोडून आली होती आणि अजून तिकडचंच नाव लावत होती. मी दिवसातून दहा वेळा तो प्रयोग केला असेल. दर वेळी अक्का कपाळ दाखवायच्या आणि दर वेळी मी तितकीच थक्क व्हायचे. शेवटी त्या वैतागल्या.

दांडी तोडायच्या दिवशी पट्टी पूर्ण निघाली. डॉक्टर आरसा देण्याआधी स्वतःच जरा मागे सरून बघत उभे राहिले. डाव्या नाकपुडीच्या वळणावर, फुली असायची नेमक्या त्या जागी, पाच हिरवट ठिपके आणि मध्ये एक. कातडी आवळल्यानं लहान झालेली, उलटी फिरलेली. पण चांदणीला उलटं सुलटं कुठे असतं? तेव्हा मला कळलं, बाजू विचारून अक्का का हसल्या होत्या. पुढे महिन्याभरात नाक आणखी बारीक करायचं एक छोटं ऑपरेशन झालं. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ असल्याचा, म्हणजे कॅन्सर मागे उरला नसल्याचा, अहवाल तर आधीच आला होता. नवऱ्यानं सगळ्यांदेखत आईच्या कपाळाचा मुका घेतला, जे आमच्या घरात होत नाही.

या वर्षी आखाजीला मी अक्कांना घेऊन गावी गेले. कपाळावरचा व्रण झाकायला पावडर लावून देते म्हटलं, तर त्यांनी हात झटकला. गावाच्या नाकावर टिच्चून त्या भर दुपारी पदर मागे टाकून निंबाखाली गेल्या. तिथे झोके बांधले होते, माहेरवाशिणी जमल्या होत्या. सगळ्या बायका गोळा झाल्या. एकीनं तर जवळ येऊन नाक हुंगलं. अक्का तोऱ्यात सांगत होत्या, हे कपाळाचं नाक, हे कानाचं हाड, हे कलम.

मोठी माय खाटेवर बसली होती. आता तिला नीट दिसत नाही. अक्का तिच्याजवळ जाऊन टेकल्या. म्हातारीनं दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा चाचपला, हनुवटी, गाल, मग नाक. डोळे बारीक करून जवळ नेले. तिला ते ठिपके दिसले असावेत. तिचा हात थांबला.

"हाई काय घाली व नाकमा?" ती म्हणाली. "फुली? तू फुली घाली?"

झोक्यावरची पोरगी पाय टेकवून थांबली. मी पुढे होऊन सांगणार होते, पण अक्कांनी हातानं मला अडवलं.

"काढ ना व माय," त्या म्हणाल्या. "निंघस का देख."

मोठी मायनं अंगठ्याचं नख लावलं आणि नाकपुडीवरून घासलं. मग अंगठा जिभेला लावून पुन्हा घासलं. अक्का हलल्या नाहीत. ज्या मुलीनं एका सुईला मान हिसडली होती ती आज नाक पुढे करून स्वस्थ बसली होती. म्हातारीनं तिसऱ्यांदा घासलं.

"निंघत नही व हाई," ती म्हणाली.

"निंघाव नही आते," अक्का म्हणाल्या.

मोठी मायचा हात खाली आला. थोड्या वेळानं तो परत वर गेला, आणि त्याच अंगठ्यानं तिनं ती चांदणी हळूहळू कुरवाळली.